इलेक्ट्रो-फंकचा सात मिनिटांचा मिक्स, कापसाच्या खोलीत

चार मिनिटांचं गाणं कॉपी-पेस्ट करून सातवर नेलं की त्याला सर्रास ‘एक्स्टेंडेड मिक्स’ म्हटलं जातं. नाचणाऱ्याच्या पायांना हे लगेच कळतं. तिसऱ्या मिनिटाला तो पाणी प्यायला मांडवाबाहेर जातो आणि परत येत नाही. इलेक्ट्रो-फंक म्हणजे मशीनच्या ठेक्यावरचं फंक. त्याचे जे जुने लांब सिंगल आजही मैदान हलवतात, त्यांची बांधणी वेगळी आहे. आधी सगळं वाजवून घेतलेलं असतं. मग त्यातलं एकेक वाद्य काढलेलं असतं आणि काढलेलं नेमक्या जागी परत आणलेलं असतं. भजनात खंजिरी मध्येच थांबते, नुसते टाळ उरतात आणि पेंगणारा माणूसही मान वर करतो, तीच युक्ती. फरक इतकाच की इथे ती सात मिनिटं निभवायची असते.

वऱ्हाडातल्या गावात स्टुडिओ नसतो. पण एक लॅपटॉप, एक बऱ्यापैकी हेडफोन, एक मायक्रोफोन आणि डिसेंबर-जानेवारीत घरातली एक खोली कापसाने भरलेली, एवढं पुष्कळांकडे असतं. तेवढ्यात हे गाणं होतं. खाली दिलेले आकडे ११२ च्या, म्हणजे मिनिटाला ११२ मात्रांच्या, गतीसाठी आहेत.

बारा इंच कशाला

लांब सिंगल न्यूयॉर्कच्या डिस्कोंमधून आला. १९७६ मध्ये सालसोल कंपनीने डबल एक्स्पोजर या गटाचं ‘टेन पर्सेंट’ बारा इंची तबकडीवर दुकानात विकायला ठेवलं. वॉल्टर गिबन्सने त्याचा नऊ मिनिटांहून मोठा मिक्स केला होता. त्याआधी अशा तबकड्या फक्त डीजेंच्या हातात जात.

तबकडीवरची खाच बेस जितका जास्त तितकी आडवी झोकांड्या खाते. सात इंचांत जागा कमी असते. खाच शेजारच्या खाचेत घुसू नये म्हणून आवाज तरी उतरवावा लागतो, नाहीतर बेस कापावा लागतो. बारा इंचांवर एकच गाणं घातलं की खाचा ऐसपैस बसतात आणि बेस पूर्ण जोराने भरता येतो. आणखी एक बाब आपल्या कामाची आहे. डाव्या आणि उजव्या बाजूचा बेस उलट्या फेजमध्ये (एकीकडचा तरंग वर तेव्हा दुसरीकडचा खाली) असला तर सुई वर-खाली उचलली जाते आणि खाचेतून उडते. म्हणून बेस मधोमध, मोनोत, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच ठेवायची शिस्त पडली. तबकडी गेली, पण ट्रॉलीवरच्या डीजेला हीच शिस्त लागते. त्याचं कारण पुढे येईल.

या आवाजाचा पाया मानतात ते ‘प्लॅनेट रॉक’ १९८२ चं. आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्स यांचं हे गाणं आर्थर बेकरने केलं आणि सिंथेसायझर जॉन रोबीने वाजवला. ठेका रोलँड टीआर-८०८ या ठेक्याच्या मशीनचा, चाल जर्मनीच्या क्राफ्टवेर्ककडून घेतलेली, आणि मध्येच अख्खा वाद्यवृंद एका ठोक्यात कोसळल्यासारखा आवाज फेअरलाइट सँपलरचा. दुसरी शाखा झॅपची. १९८० चं ‘मोअर बाउन्स टू द औन्स’ नऊ मिनिटांहून मोठं आहे. त्यात रॉजर ट्राउटमनचा टॉकबॉक्स (नळी तोंडात घेऊन सिंथला बोलायला लावणारं यंत्र) आणि संथ, जड ठेका. गावात बसून करायला ही दुसरी शाखा जास्त जमते असं माझं ठाम मत आहे. तिच्यात वाद्यं कमी लागतात आणि गती माणसाच्या चालण्याजवळची असते.

गती आणि तिचा हिशेब

११२ च्या गतीला एक मात्रा ५३६ मिलिसेकंदांची. चार मात्रांचा एक बार २.१४ सेकंदांचा आणि त्यातली सोळा घरं प्रत्येकी १३४ मिलिसेकंदांची. हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत, कारण किकची (खालच्या जड ठोक्याची) शेपटी, डिलेचा (प्रतिध्वनीचा) वेळ, कॉम्प्रेसरची सुटका (दाबलेला आवाज सोडायचा वेळ) हे सगळं यांवरून ठरतं. टेपच्या काळातही लोक हाच हिशेब फुटपट्टीने करायचे. टेप सेकंदाला १५ इंच धावली तर या गतीला एक घर म्हणजे जवळपास बरोबर दोन इंच टेप. ब्लेडने दोन-दोन इंचांचे तुकडे कापून चिकटवले की शब्द अडखळल्यासारखा ‘का-का-का’ होतो. न्यूयॉर्कच्या लॅटिन रास्कल्स या जोडीची अशी टेप कापण्यासाठी ख्याती होती.

सम आकड्यांची घरं, म्हणजे २, ४, ६ वगैरे, थोडी उशिरा वाजवली की झोल येतो. सॉफ्टवेअरमध्ये स्विंग ५० टक्के म्हणजे सरळ. ५६ टक्के केलं की या गतीला सम घर १६ मिलिसेकंद मागे सरकतं. एवढंच पुरे. ६२-६३ च्या पुढे गेलात की फंक जाऊन लंगडी सुरू होते. फक्त हॅटला (मशीनच्या बारीक झांजेला) झोल दिला आणि ४ नंबरच्या घरातली किक सरळ राहू दिली, तर दोघांत १६ मिलिसेकंदांची फट पडते आणि एकाचे दोन ठोके ऐकू येतात. झोल द्यायचा तर त्या घरातल्या सगळ्यांना सारखाच द्या.

ठेका

टीआर-८०८ ही १९८० ते १९८३ या काळात बनली. तिच्यात रेकॉर्ड केलेला एकही आवाज नाही, सर्किट सगळे आवाज तिथल्या तिथे घडवतं. काऊबेल म्हणजे साधारण ५४० आणि ८०० हर्ट्झचे दोन चौकोनी तरंग. हाय-हॅट म्हणजे सहा चौकोनी तरंगांची मुद्दाम बेसुरी ठेवलेली गर्दी. टाळी म्हणजे गाळलेला खरखराट तीन-चार वेळा भराभर झटकून मग सोडलेली शेपटी. हे कळलं की सँपलचे पॅक शोधत इंटरनेटचा डेटा संपवायची गरज उरत नाही. सर्ज एक्सटी हा मोफत सिंथ हे सगळं करतो.

किकसाठी साइन तरंग घ्या आणि सूर ५५ हर्ट्झवर ठेवा. सुरुवात १५० हर्ट्झच्या आसपास होऊन १५ ते २० मिलिसेकंदांत ५५ वर उतरू द्या. कानाला ‘ठप्’ जाणवतं ते या उतारामुळे. शेपटी ३५० मिलिसेकंद. वर हलकं सॅच्युरेशन द्या, म्हणजे ११० आणि १६५ हर्ट्झला उपस्वर उभे राहतात आणि मोबाइलवरही किक आहे हे समजतं. शेपटी ३५० च का? पहिल्या बारमध्ये किक १, ७, ११ या घरांत ठेवायची. दुसऱ्या बारमध्ये १, ४, ७, ११. सर्वांत जवळच्या दोन किकमध्ये तीन घरं, म्हणजे ४०२ मिलिसेकंद असतात. शेपटी त्यापेक्षा लांब झाली की आधीची किक पुढचीवर चढते. दोघींचे तरंग कधी जुळतात, कधी एकमेकांना खातात. मग एक ठोका जड आणि एक पोकळ असा दर दोन बारला खेळ होतो, आणि लोक मिक्सिंगमध्ये चूक शोधत बसतात. लांब घुमणारी ८०८ ची किक सगळ्यांना आवडते, मलाही. पण ती अख्ख्या गाण्यात दोनदाच वापरा, तीही जिथे मागे बेस नाही तिथे.

टाळी ५ आणि १३ या घरांत. हॅट सोळाही घरांत, पण ३, ७, ११, १५ थोडी मोठी आणि बाकीची निम्म्या जोराने. सगळ्या हॅट सारख्या जोराच्या ठेवणं ही नवशिक्याची सर्वांत मोठी चूक. काऊबेल आठ बारमधल्या शेवटच्या दोन बारपुरतीच.

आणि खंजिरी. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हे वाद्य विदर्भाच्या घराघरांत नेलं. त्यामुळे गावात चांगला खंजिरीवाला मिळतोच. मशीनच्या ठेक्यावर हाताचं एक वाद्य असलं की सात मिनिटं कान थकत नाहीत. सलग ३२ बार वाजवून घ्या आणि त्यातले सर्वांत बरे ८ निवडा. कॉम्प्युटरवर प्रत्येक ठोका घरात ओढून बसवू नका, फक्त १ चा ठोका जुळवा. मायक्रोफोन हातभर लांब आणि तिरका ठेवा, समोर ठेवला तर झांजा कानात टोचतात. पावसाळी हवेत कातडं सैल होऊन सूर उतरतो, म्हणून आधी थोडा वेळ उन्हात ठेवावी. खंजिरीच्या झांजा आणि हॅट एकाच पट्टीत वाजतात. खंजिरी आली की हॅट काढा. दोन्ही ठेवून इक्वलायझरने भांडण सोडवत बसण्यात अर्थ नाही.

बेस

सूर पांढरी सहा. स्वर सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानी रागाचेच. हार्मोनियम वाजवणाऱ्याला आणखी काही समजवावं लागत नाही. पांढरी सहाचा खर्ज ५५ हर्ट्झ येतो आणि अठरा इंची बेसच्या पेट्या तो जोराने देतात. पांढरी तीनमध्ये गाणं बांधलं तर तो ४१ हर्ट्झवर जातो. गावाकडच्या बहुतेक पेट्या तिथे नुसती हवा हलवतात, सूर कळत नाही.

आवाज मिनीमूग या जुन्या सिंथच्या पद्धतीचा. एक करवती तरंग, एक चौकोनी तरंग, दोघांच्या सुरात पाच-सहा सेंटचा, म्हणजे अगदी किंचित, फरक. फिल्टर २४ डीबीचा, २५० हर्ट्झपासून उघडणारा आणि २०० मिलिसेकंदांत मिटणारा. सुरावरून सुरावर घसरण ५० मिलिसेकंदांची, पण फक्त जिथे दोन सूर जोडलेले आहेत तिथे.

बेसमध्ये सूर कुठे सुरू होतो याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. नाच मात्र सूर कुठे बंद होतो त्यावर ठरतो. घर १३४ मिलिसेकंदांचं असेल तर सूर ९० ला तोडा. उरलेले ४४ मिलिसेकंद मोकळे राहिले की पुढचा ठोका कोरडा आणि ठसठशीत लागतो. सूर शेवटपर्यंत ताणले की चिखल होतो.

फंकमध्ये बारची पहिली मात्रा हा खुंटा. तिथे किक आणि बेस दोघांनाही यायचंच असतं आणि दोघंही ५५ वर आले की गुदमरतात. इलाज सोपा आहे. पहिल्या घरात बेस वरच्या सप्तकात, ११० हर्ट्झवर वाजवा आणि तळ किकला द्या. ऐकणाऱ्याला एकच मोठा आवाज आल्यासारखं वाटतं. बाकी घरांत जिथे किक आहे तिथे बेस ठेवू नका. एवढी जागा सोडली की साइडचेन कॉम्प्रेसर (किक आली की बेस आपोआप दाबणारा) तीन डीबीपेक्षा जास्त लागत नाही. सुटका १०० मिलिसेकंदांची ठेवा.

गिटार असेल तर तारा डाव्या हाताने दाबून नुसती खरड, तीही एकाच जागी. की-बोर्डचे ब्रास ठोके आठ बारला दोन. यापेक्षा जास्त वाद्यं लागत नाहीत.

टॉकबॉक्स, युनिट आणि लेव्हलची नळी

टॉकबॉक्स म्हणजे सिंथचा आवाज नळीने तोंडात सोडायचा आणि तोंडाच्या आकाराने त्याचे शब्द करायचे. गळ्यातून आवाज काढायचाच नाही. व्होकोडर वेगळा, त्यात हे काम सर्किट करतं आणि शब्द कायम थोडे धूसर राहतात. टॉकबॉक्सचं यंत्र महाग पडतं, पण त्याचा आत्मा असलेला भाग गावात मिळतो. भोंग्याच्या मागचं युनिट.

जुनं चालू युनिट घ्या, १६ ओहमचं. काही युनिटांत लाइन ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. तारा त्याला न जोडता थेट १६ ओहमच्या टोकांना जोडा. मालिकेत ३३ मायक्रोफॅरडचा, १०० व्होल्टचा, ध्रुव नसलेला कपॅसिटर लावा. त्याने ३०० हर्ट्झच्या खालचं अडतं. तो नसेल तर खालचे सूर आले की पडदा फाटतो. ८ ओहमचं युनिट असेल तर कपॅसिटर दुप्पट लागतो. अॅम्प्लिफायर १० ते १५ वॉटचा भरपूर झाला.

नळी गवंडी पाण्याची लेव्हल काढतात ती, पारदर्शक, आतून १० मिलिमीटर, दीड मीटर लांब. जास्त रुंद घेतली तर जिभेला हलायला जागा उरत नाही. अरुंद घेतली तर वरचे स्वर नळीतच मरतात आणि शब्द बोबडे होतात. नळी नवीच घ्या. फवारणीच्या पंपाची जुनी नळी कितीही धुतली तरी तोंडात घालायची नाही, हे घरातल्या लहान पोरांनाही बजावून ठेवा. युनिटच्या तोंडाचे आटे नळाच्या सॉकेटशी क्वचितच जुळतात. सॉकेट बसवून भोवती एपॉक्सीची लांबी (पुट्टी) थापा आणि एक दिवस वाळू द्या. हवा गळली की निम्मा आवाज तिथेच जातो.

नळी मायक्रोफोनच्या स्टँडला बांधा आणि टोक मायक्रोफोनच्या पुढे तीन-चार सेंटिमीटर ठेवा. तोंडाच्या कोपऱ्यातून दाढेकडे दोन सेंटिमीटर आत घ्या. दात झणझणले तर आवाज जास्त आहे. एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त करू नका, कारण हा आवाज कवटीतून थेट कानात पोचतो. सिंथवर करवती तरंग ठेवा, एका वेळी एकच सूर, मधल्या सप्तकात.

आता शब्द. टॉकबॉक्सला आ, ए, ओ, ऊ हे स्वर आणि त्यांमधली घसरण आवडते. छातीतला श्वास वापरायचा नसल्याने ख, घ, भ, ध यांतला हकार गळून पडतो. म आणि न ओठ-जीभ मिटवतात, म्हणून आवाज दबतो. ते शब्दाच्या शेवटी चालतात, सुरुवातीला नाही. इथे वऱ्हाडी बोली प्रमाण मराठीपेक्षा सरस ठरते. ‘काहून’ (म्हणजे ‘का’) मधला ह नळीत जातो आणि ‘काऊन’ उरतो. लोक तसंही ‘काऊन’च म्हणतात. आ वरून ऊ वर जाताना जो ‘वाऽऊ’ असा सरकता आवाज येतो तो या वाद्याचा सर्वांत गोड आवाज आहे. तसंच ‘डोळे’ऐवजी ‘डोये’. ळ ला जीभ मागे वळते आणि नळीला धडकते, य मात्र लोण्यासारखा सरकतो. धृवपदाला ‘काऊन रे बावा’ एवढे तीन शब्द पुरतात. क आणि ब यांचा फटका कमी पडला तर तेवढे व्यंजन नुसत्या तोंडाने पुटपुटून वेगळ्या ट्रॅकवर घ्या आणि खाली हलकेच मिसळा.

कापसाची खोली

भाव चढेल म्हणून थांबवलेला कापूस खोलीत छातीइतका साचलेला असतो. आवाज शोषायला याहून चांगलं काही गावात नाही. गाद्या-रजया वरचे स्वर शोषतात, पण खालच्यांपुढे हरतात. एक मीटर जाडीचा ढीग मात्र साधारण ८५ हर्ट्झपर्यंत काम करतो, कारण त्या स्वराच्या तरंगलांबीचा चौथा हिस्सा जवळपास एक मीटर भरतो. ढीग कोपऱ्यांत उंच आणि मध्ये उतरता ठेवा. माणूस ढिगाकडे पाठ करून उभा राहील आणि मायक्रोफोनचं तोंड ढिगाकडे येईल असं बघा.

दोन गोष्टी पाळायच्या. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला रुमाल. आणि त्या खोलीत सोल्डरिंग, उदबत्ती, ढिली एक्स्टेन्शन बोर्ड, चार्जिंगला लावलेला मोबाइल यांतलं काही नको. लॅपटॉप शेजारच्या खोलीत ठेवा आणि फक्त मायक्रोफोनची तार आत न्या. कापूस विकला गेला की उन्हाळा येतो. मग कूलर बंद ठेवून रेकॉर्डिंग करावं लागतं, आणि पहाटे चार ते सहा हीच काय ती वेळ उरते.

सहा मिनिटं एक्कावन्न सेकंद

एकूण १९२ बार. ११२ च्या गतीला ते ६ मिनिटं ५१ सेकंद होतात. आधी फक्त ८ बारचा असा ठेका करा की ज्यात सगळं वाजतंय. तोच १९२ बार पसरवा. आता खोडायला बसा.

पहिले १६ बार नुसता ठेका, म्हणजे डीजेला आधीच्या गाण्यातून यात यायला जागा मिळते. १७ पासून बेस, पण पहिले आठ बार फक्त पहिल्या घरातला सूर. ३३ ला पहिलं कडवं, ४९ ला धृवपद, ५७ ला दुसरं कडवं, ७३ ते ८८ धृवपद दोनदा आणि सगळी वाद्यं. इथे ३ मिनिटं ९ सेकंद होतात. साधं गाणं इथे संपलं असतं. लांब सिंगलचं खरं काम इथून पुढे.

८९ ला पहिला ब्रेक. बेस, गिटार, हॅट, शब्द सगळं जातं. किक, टाळी आणि खंजिरी उरते. सोळा बार. पहिल्या चार बारना लोक गोंधळतात, आठव्यापर्यंत हात वर येतात. धीर धरून सोळाही बार जाऊ द्यायचे. आठ बारांत घाबरून बेस परत आणणारे मिक्स फार ऐकू येतात. १०५ ला बेस येतो आणि त्याच क्षणी किक जाते. हे उलटं वाटतं, पण याच जागी बेसची ओळ नीट ऐकू येते आणि नाचणारे किक स्वतःच्या पायांनी भरतात. १२१ ला किक परत आणि टॉकबॉक्सचा मोकळा तुकडा, १३७ ला धृवपद.

१५३ ला दुसरा ब्रेक, ५ मिनिटं २६ सेकंदांच्या आसपास. हा डबच्या पद्धतीचा, आणि हा माउसने आखायचा नाही. म्यूटची बटणं आणि डिलेचा सेंड हातात घेऊन सोळा बार सलग वाजवा, तेही पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी रेकॉर्ड करत. मग चांगले तुकडे जोडा. डिलेचा वेळ ४०२ मिलिसेकंद, म्हणजे तीन घरं. फीडबॅक ३५ टक्के. ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ४००० च्या वरचं डिलेमधून कापलेलं. आठव्या बारच्या १३ व्या घरातली टाळी डिलेत फेका, फीडबॅक ८५ पर्यंत चढवा आणि पुढच्या बारच्या पहिल्या घराआधी खाली ओढा. हात उशिरा आला तर आवाज स्वतःवरच चढत जाऊन सगळं झाकतो. तुकडे जोडताना तीन ते पाच मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, नाहीतर सांध्यावर टिक् असा आवाज राहतो आणि मोठ्या पेटीवर तो गोटा फुटल्यासारखा लागतो.

१६८ व्या बारची शेवटची मात्रा पूर्ण रिकामी. ५३६ मिलिसेकंद काहीही नाही, रिव्हर्बची शेपटीसुद्धा कापलेली. मग १६९ ला सगळं. अशी शांतता अख्ख्या गाण्यात एकदाच. दुसऱ्यांदा केली की लोकांना वाटतं पेन ड्राइव्ह अडकला. १७७ ते १९२ पुन्हा नुसता ठेका.

हे ब्रेक आणि १६९ सोडले तर प्रत्येक ठिकाणी एका वेळी दोनच गोष्टी बदला. एक जाते, एक येते. चार गोष्टी एकदम आल्या तर कानाला एकही कळत नाही.

ट्रॉलीवर काय होतं

गावच्या डीजेवर बहुतेक वेळा सगळं मोनोत चाललेलं असतं. स्टिरिओ असलं तरी पेट्यांच्या दोन थप्प्या दहा-बारा मीटर लांब असतात आणि माणूस एकीच्याच समोर नाचतो. डाव्या बाजूला पूर्ण ढकललेली गिटार उजवीकडच्या गर्दीला कधीच ऐकू येत नाही. दीडशे हर्ट्झच्या खालचं सगळं मधोमध ठेवा आणि बाकीचंही तीस टक्क्यांपेक्षा जास्त बाजूला नको. मोनो बटण दाबून ऐका. बेस बारीक झाला तर कोरस किंवा वाइडनर काढून टाका.

उघड्या मैदानात भिंती नसतात, म्हणून घरात वाटलेला बेस तिथे निम्मा होतो. उलट शाळेची एखादी भिंत समोर साठ मीटरवर असली तर ४० अंशांच्या उन्हात आवाज तिथे जाऊन सुमारे ०.३४ सेकंदाने परत येतो, आणि लांब रिव्हर्ब त्यात मिसळून शब्द पुसतो. रिव्हर्ब फक्त टाळीला, एक सेकंदाचा.

जनरेटरवर सलग घुमणारा खर्ज आला की मशीन सलग करंट ओढते, व्होल्टेज बसतं, दिवे मंदावतात आणि अॅम्प्लिफायर क्लिप होतो. क्लिप झालेला आवाज वरच्या स्वरांनी भरतो आणि ती ताकद सगळी टॉपच्या (वरचे स्वर देणाऱ्या पेटीच्या) युनिटात जाते. बेस जास्त दिला आणि जळलं मात्र टॉपचं युनिट, असं होतं ते यामुळे. आखूड किक आणि तोडलेला बेस यांचा इथे सरळ पैशांत फायदा आहे. ३५ हर्ट्झच्या खालचं २४ डीबीच्या उताराने कापून टाका. ते ऐकू येत नाही, नुसतं डिझेल खातं.

मास्टर, म्हणजे शेवटची तयार फाइल, उणे ९ ते उणे १० एलयूएफएसवर (सरासरी जोराचं माप) थांबवा, शिखर उणे १ डीबी. यापेक्षा चढवलं तर डीजेच्या मशीनमधला लिमिटर त्यावर आणखी बसतो, किकचा ‘ठप्’ सपाट होतो आणि ब्रेकनंतर सगळं परत आल्याचा धक्काच उरत नाही. १५३ ते १६८ हा भाग १६९ च्या मानाने तीन-चार डीबी हलका राहिलाच पाहिजे.

चाचणी दिवसा घ्या. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, असा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. थप्पीपासून पाच मीटर, वीस मीटर आणि मैदानाच्या टोकाला, अशा तीन ठिकाणी उभं राहून ऐका. टोकाला शब्द कळत नसतील तर टॉकबॉक्समध्ये २००० ते ३००० हर्ट्झच्या पट्टीत दोन डीबी वाढवा, बाकी काही हलवू नका.

डीजेला १६ बिटची वेव्ह फाइल द्या, ती सुमारे ७३ एमबीची होते. एमपी३ द्यायचीच तर ३२० ची, ती साडेसोळा एमबीची. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असावा, नाहीतर बरेचसे जुने मिक्सर तो ओळखत नाहीत. सोबत शब्दांशिवायचा एक मिक्स आणि १२४ च्या गतीचा एक वेगळा मिक्स द्या. तुमचं ११२ चं गाणं डीजेने जागेवर ताणून वेगात नेलं तर किकचा सूर वर चढतो किंवा टाळी फाटते. १२४ ला डिलेचा वेळ ३६३ मिलिसेकंद होतो, तो बदलायला विसरू नका. फाइलच्या नावातच गती, सूर आणि पहिल्या ब्रेकची वेळ लिहा: ‘काऊन रे बावा, ११२, पांढरी ६, ब्रेक ३.०९’. अंधारात, घामेजल्या हाताने लॅपटॉप चालवणाऱ्याला तेवढं एका नजरेत दिसतं.